लडाखच्या गोम्पात पहिल्यांदा जाताना

लडाखला निघालेल्या मराठी मंडळींच्या वेळापत्रकात एक दिवस हमखास असा असतो: शे, थिकसे, स्तकना, हेमिस आणि येताना सिंधू घाट. एका दिवसात पाच ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास मिळतो आणि त्यातली वीस मिनिटं पायऱ्या चढून धाप लागण्यात जातात. गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, होणाऱ्या बहुतेक चुका या घाईतूनच होतात. टोपी काढायची राहते, उलट्या बाजूने फेरी मारली जाते, पूजा चालू असताना मधूनच कुणीतरी पलीकडे जातं. कुणाचाच हेतू वाईट नसतो. म्हणून पहिली सूचना तुमच्यासाठी नाही, तुमच्या गाडीवाल्यासाठी आहे. त्याला आदल्या दिवशीच सांगा, दिवसाला दोनच गोम्पा करायच्या आहेत.

गोम्पा म्हणजे नुसतं देऊळ नव्हे. तिथे भिक्षू राहतात, शिकतात, स्वयंपाक करतात, आजारी पडतात, म्हातारे होतात. लहान मुलं तिथे शाळेत असावीत तशी वाढतात. आपण तिकीट काढून आत गेलो तरी ते कुणाचं तरी घर आहे, हे ध्यानात ठेवलं की पुढच्या निम्म्या सूचना न सांगताही कळतात. उरलेल्या निम्म्या मात्र सांगाव्या लागतात.

निघण्यापूर्वी

लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. विमानाने आलात तर पहिले दोन दिवस विश्रांतीचेच. या दोन दिवसांत शांती स्तूपाच्या पाचशेहून जास्त पायऱ्या चढायला जाऊ नका, वर गाडीचा रस्ता आहे. ही सूचना तब्येतीसाठी आहेच, पण तिचा आदराशीही संबंध आहे. डोकं ठणकत असलेला, मळमळणारा माणूस दुखांगमध्ये, म्हणजे गोम्पाच्या सभागृहात, शांत बसू शकत नाही. तो चिडतो, भिंतीला टेकतो, पाय पसरतो.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे हवेत, पुरुषांचेही. हाफ पँट घालून आलेल्या पुरुषाला कुणी अडवणार नाही, पण ते खटकतं. बूट सहज काढता-घालता येतील असे घ्या, कारण दिवसात आठ-दहा वेळा काढावे लागतात. नाडीच्या ट्रेकिंग बुटांची माणसं तिसऱ्या उंबऱ्यापाशी कंटाळतात आणि बाहेरूनच डोकावतात. आतली फरशी जूनमध्येही गारठलेली असते, तेव्हा जाड लोकरीचे मोजे हवेतच. खिशात दहा, वीस, पन्नासच्या सुट्ट्या नोटा ठेवा, तिकिटासाठी आणि दानपेटीसाठी. पाठीवरची सॅक शक्यतो गाडीतच राहू द्या. अरुंद देवळात वळताना मागच्या भिंतीवरचं आठ-नऊशे वर्षांचं चित्र त्या सॅकनेच घासलं जातं आणि आपल्याला कळतही नाही.

एक शब्द पाठ करा: जुले. नमस्कार, धन्यवाद आणि येतो, या तिन्हींना तोच. वयाने मोठ्या माणसाशी बोलताना शेवटी 'ले' लावतात: आमा-ले म्हणजे आई, आबा-ले वडील, आचो-ले दादा, आचे-ले ताई, मेमे-ले आजोबा, आबी-ले आजी. आपल्याकडे नावापुढे 'राव' किंवा 'ताई' लावतो तसाच हा 'ले'. दारातल्या आजींना 'जुले, आबी-ले' म्हणालात तर पुढचा रस्ता त्याच दाखवतील.

आणि लडाख म्हणजे फक्त बौद्ध, असं धरून चालू नका. २०११च्या जनगणनेनुसार लेह जिल्ह्यात सुमारे दोन तृतीयांश लोक बौद्ध होते, कारगिल जिल्ह्यात तीन चतुर्थांशाहून अधिक मुस्लिम. लेहच्या मुख्य बाजारात जामा मशीद आणि चोखांग विहार जवळजवळ समोरासमोर आहेत. तुमचा गाडीवाला बौद्ध असेल किंवा नसेलही. त्याला 'तुमच्या धर्मात' असं विचारण्याआधी नाव विचारा.

रस्त्यावर: माणी भिंत, छोर्तेन, खिंड

गोम्पाची हद्द फाटकापाशी सुरू होत नाही, गावाच्या वेशीपाशीच सुरू होते. गावाबाहेर छातीएवढ्या उंचीची, लांबच लांब दगडी भिंत दिसेल. तिच्या माथ्यावर चपटे दगड मांडलेले असतात आणि त्यांवर 'ॐ मणि पद्मे हूँ' कोरलेलं असतं. ही माणी भिंत. तिच्या दोन्ही अंगांनी पायवाट असते, ती उगीच नाही. जाताना आणि येतानाही भिंत आपल्या उजव्या हाताला राहावी म्हणून दोन वाटा. म्हणजे जाऊन-येऊन एक प्रदक्षिणा पुरी होते. कार्ल्याच्या किंवा अजिंठ्याच्या चैत्यगृहात स्तूपामागून जी अर्धगोल वाट जाते तिचाही उद्देश हाच आणि दिशाही हीच. त्या भिंतीवर बसायचं नाही, पाण्याची बाटली टेकवायची नाही. आणि सुंदर कोरलेला दगड आठवण म्हणून उचलायचा तर अजिबात नाही. तो कुणीतरी पुण्यासाठी, बऱ्याचदा गेलेल्या माणसाच्या नावाने तिथे ठेवलेला असतो.

छोर्तेन म्हणजे स्तूप. त्यालाही उजवीकडे ठेवून जावं. खालून वाट जाते असा कमानीचा छोर्तेन असेल तर आतून जा आणि मान वर करून छत पाहा, बऱ्याचदा तिथे मंडलं रंगवलेली असतात. तीन छोर्तेन ओळीने दिसले, एक पांढरा, एक भगवट-पिवळा आणि एक निळसर-करडा, तर ते अनुक्रमे अवलोकितेश्वर, मंजुश्री आणि वज्रपाणी या बोधिसत्त्वांचे. करुणा, प्रज्ञा आणि सामर्थ्य. यांच्यावर चढून फोटो काढणारे दर उन्हाळ्यात दिसतात. मातीचं बांधकाम आहे, एका बुटाने कोपरा ढासळतो.

खारदुंग ला, चांग ला अशा खिंडींत दगडांचा ढीग, त्यात खोचलेल्या काटक्या, जनावरांची शिंगं आणि भोवती पताका दिसतात. ते देवतेचं स्थान, ल्हाथो. लडाखी माणसं खिंड ओलांडताना 'की की सो सो ल्हा ग्यालो' असं ओरडतात. देवांचा जय असो, असा त्याचा अर्थ. तुम्हीही ओरडा, कुणाला राग येणार नाही. मात्र ल्हाथोच्या आडोशाला लघवीला जाणं हा तिथला सर्वांत मोठा अपमान आहे आणि तो रोज घडतो. स्वच्छतागृह असेल तर तिथेच जा. नसेल तर पताकांपासून आणि झऱ्यापासून बरंच लांब, रस्त्याच्या उताराकडच्या अंगाला.

झऱ्याचं वेगळं सांगायला हवं. झऱ्यात लू राहतात अशी श्रद्धा आहे. लू म्हणजे साधारण आपले नाग. गावातल्या झऱ्यापाशी पांढरा रंग दिलेलं छोटं चौकोनी बांधकाम दिसलं तर ते त्यांचं घर. तिथे साबण लावणं, कपडे धुणं, चूळ टाकणं वर्ज्य. श्रद्धा बाजूला ठेवली तरी गाव तेच पाणी पितं.

फाटकापासून दुखांगपर्यंत

बहुतेक गोम्पांत तिकिटाची रक्कम लहानच असते. दुपारी जेवणाच्या वेळी तासभर दारं बंद असतात, म्हणून सकाळी लवकर किंवा दोननंतर जा. आत जाण्यापूर्वी टोपी, गॉगल, कानातले इयरफोन, सगळं काढा. फोन नि:शब्द करा, नुसता थरथरणाऱ्या मोडवर ठेवू नका. लाकडी फळीवर ठेवलेला फोन थरथरला की अख्ख्या दालनाला ऐकू जातो.

वाटेत प्रार्थनाचक्रांची रांग लागते. उजव्या हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, हलकेच फिरवा. आत मंत्र छापलेल्या कागदाची घट्ट गुंडाळी असते, एक फेरा म्हणजे तितके मंत्र म्हटल्यासारखे. जोरात गरगर फिरवून सोडायचं नाही, मागच्याचं चक्र हाताने थांबवायचं नाही. माणसाहून उंच चक्र असेल तर त्याच्या खालच्या कठड्याला धरून चालत फेरी मारतात. प्रत्येक फेऱ्याला वर एक घंटा वाजते. मुलांना हे फार आवडतं, फिरवू द्या त्यांना, फक्त दिशा सांगा.

दुखांग म्हणजे सभागृह. उंबरा मोठा असतो. त्यावर पाय न देता ओलांडून आत जायचं, आपल्याकडेही हीच शिकवण आहे. आत गेल्यावर डावीकडे वळा आणि भिंतीच्या कडेने फिरत उजवीकडून बाहेर या. मधोमध जी गाद्यांची रांग आणि बुटकी लांबट चौरंग-मेजं असतात ती भिक्षूंची बैठक. त्यांवरून पाय टाकून पलीकडे जायचं नाही. त्या मेजावर पोथी असते आणि पोथी ओलांडणं तिथे मूर्ती ओलांडण्याइतकंच वाईट. समोरचं उंच, गाद्या-रेशमाने मढवलेलं आसन रिन्पोछेंचं, म्हणजे गोम्पाच्या प्रमुख लामांचं. त्यावर बसायचं तर नाहीच, कॅमेरासुद्धा ठेवायचा नाही.

भिंतीतल्या कप्प्यांत रेशमात गुंडाळलेल्या लांबट पोथ्या दिसतील. कंग्युर म्हणजे बुद्धवचनांचा संग्रह, साधारण शंभर ते एकशे आठ खंड. त्या कप्प्यांखालून जायची वाट ठेवलेली असेल तर स्थानिक लोक वाकून जातात. आशीर्वाद घेण्याचा तो मार्ग आहे, तुम्हीही जाऊ शकता. थांका म्हणजे कापडावर रंगवलेलं धार्मिक चित्र. त्यावरचा रेशमी पडदा वर करून पाहायचा नाही. मूर्तीकडे बोट दाखवायचं नाही, काही दाखवायचंच असेल तर पंजा उताणा करून.

आता मूर्तीपुढच्या वाट्यांबद्दल, कारण आपल्या लोकांची सर्वांत जास्त चूक इथे होते. ओळीने सात पितळी किंवा चांदीच्या वाट्या आणि त्यांत स्वच्छ पाणी. रोज पहाटे एक भिक्षू त्या डावीकडून उजवीकडे भरत जातो. दोन वाट्यांमध्ये जवाच्या दाण्याएवढं अंतर, पाणीही काठापासून दाण्याएवढं खाली. फार जवळ नको, फार लांब नको, सांडायला नको, कमी पडायला नको. संध्याकाळी त्याच वाट्या उजवीकडून रिकाम्या करून, पुसून पालथ्या घालतात. इतक्या निगुतीने मांडलेल्या पाण्यात आपण भक्तिभावाने एक रुपयाचं नाणं टाकतो. टाकू नका. नाणी, नोटा, फुलं, काहीही वाट्यांत नको.

तसंच हळद-कुंकू. मैत्रेयाच्या, म्हणजे भावी बुद्धाच्या, पायाला, तारादेवीच्या कपाळाला कुंकू लावण्याची इच्छा होते, ती प्रेमानेच होते. पण मूर्ती रंगवलेल्या मातीच्या असतात आणि कुंकवाचा डाग निघत नाही. नारळ फोडू नका, आपली उदबत्ती पेटवू नका, घंटा दिसली म्हणून वाजवू नका. काही द्यायचंच असेल तर दानपेटी आहे. नाहीतर फळं, बिस्किटांचे पुडे, दिव्यासाठी वनस्पती तूप. गोम्पातल्या भिक्षूच्या हाती दोन्ही हातांनी द्या, ठेवायची जागा तो ठरवेल. दिवे हल्ली बऱ्याच ठिकाणी वेगळ्या काचेच्या खोलीत लावतात, कारण काजळीने चित्रं काळवंडतात. दिवा फुंकून विझवायचा नाही, हे सांगायची गरज नसावी.

खताग म्हणजे पांढरा रेशमी पट्टा. लेहच्या बाजारात स्वस्तात मिळतो. दोन्ही तळहातांवर पसरून, थोडं वाकून लामांपुढे धरायचा. ते बहुधा तोच परत तुमच्या गळ्यात घालतील. मूर्तीला कुणी वाहिलेला खताग काढून घेऊ नका. हातात लाल दोरा बांधला तर तो आशीर्वादाचा. तुटला तर कचऱ्यात न टाकता झाडाला बांधा.

साष्टांग घालावा का? स्थानिक माणूस तीनदा घालतो. हात जोडून आधी माथ्यावर, मग कंठापाशी, मग छातीशी नेतो, म्हणजे काया, वाचा, मन. तुमची श्रद्धा असेल तर घाला, नसेल तर साधा नमस्कार पुरे. फोटोसाठी मात्र घालू नका आणि साष्टांग घालणाऱ्याच्या पुढून जाऊ नका.

पहाटेची पूजा

एकच गोम्पा नीट पाहायचा तर थिकसेची सकाळ निवडा. लेहपासून सुमारे १९ किलोमीटर. साडेपाचला निघालात तर सव्वासहापर्यंत पायऱ्या चढून वर. छतावर दोन भिक्षू लांब कर्णे घेऊन उभे राहतात. पहिला सूर खर्जात सुरू होतो आणि सिंधूच्या खोऱ्यात खालपर्यंत ऐकू येतो. पूजा त्यानंतर.

आत भिंतीलगत पर्यटकांसाठी जागा असते. तिथे मांडी घालून बसा. गुडघे दुखत असतील तर पाय दुमडून एका बाजूला घ्या, तळवे मूर्तीकडे करू नका. किमान अर्धा तास बसायचं ठरवूनच आत जा. पाच मिनिटं बसून उठणारी माणसं पूजेला सर्वांत जास्त त्रास देतात, कारण दहाजण उठले की पाठोपाठ आणखी दहाजण उठतात. उठावंच लागलं तर पठण थांबून चहा फिरतो तेव्हा उठा, आणि भिंतीच्या कडेने जा.

चहा फिरतोच. छोटी मुलं, तीही भिक्षूच, मोठ्या किटल्या घेऊन धावत येतात. लोणी आणि मीठ घातलेला गुरगुर चहा असतो. चहा म्हणून प्यायलात तर तोंड वाकडं होईल, गरम सूप समजून प्या. एक घोट घेतला की पेला पुन्हा काठोकाठ भरतात. नको असेल तर पेला भरलेलाच राहू द्या आणि उठण्यापूर्वी जमेल तेवढा प्या. प्रसाद हातावर ठेवला तर उजवा तळहात वर करून घ्या, खाल्ला नाही तरी टाकू नका. तळहातावर पाणी घातलं तर आपण तीर्थ घेतो तसंच, एक घोट प्यायचा आणि उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवायचा.

फोटोचा नियम गोम्पागणिक बदलतो. फलक वाचा, नसेल तर विचारा. परवानगी असली तरी फ्लॅश कधीच नाही, आणि पूजेत भिक्षूच्या तोंडासमोर मोबाईल धरणं कधीच नाही. लहान भिक्षूंना चॉकलेट, पेन, पैसे वाटू नका. दोनशे पर्यटकांपैकी प्रत्येकाने एकेक चॉकलेट दिलं तर त्या मुलाच्या दातांचं आणि शिस्तीचं काय होतं, याचा विचार करा. शाळेसाठी काही द्यायचं असेल तर गोम्पाच्या कार्यालयात द्या.

पूजा संपल्यावर मैत्रेयाच्या देवळात जा. सुमारे १५ मीटर उंचीची, दोन मजले व्यापणारी मूर्ती आहे. दलाई लामांनी १९७० साली थिकसेला भेट दिली, तिची ती आठवण. आपण वरच्या मजल्यावरून आत शिरतो, म्हणून चेहरा थेट समोर येतो. गर्दी होण्याआधी तिथे दहा मिनिटं नुसतं बसलात तरी दिवस सार्थकी लागला.

गोन्खांग: जिथे थांबायचं

गोम्पाच्या आत एक छोटी, काळोखी खोली असते. तिथे धर्मरक्षक देवतांची उग्र रूपं असतात. तो गोन्खांग. काही गोम्पांत तिथे स्त्रियांना प्रवेश नसतो, काही ठिकाणी कुणालाच नसतो. दाराशी वाद घालू नका. पटत नसेल तर तेही ठीक, पण ज्याला नियम बदलता येत नाही अशा दाराशी बसलेल्या भिक्षूशी भांडून काही साधत नाही. मूर्तींचे चेहरे कापडाने झाकलेले असतात. ते कापड उचलायचं नाही.

लेहजवळ स्पितुकच्या वरच्या देवळाला आपली माणसं सर्रास 'काली माता मंदिर' म्हणतात. ते वज्रभैरव आणि पाल्देन ल्हामो यांचं स्थान आहे. चेहरे वर्षातून एकदाच, जानेवारीच्या आसपास येणाऱ्या गुस्तोर उत्सवात उघडतात. मनात कालीचं स्मरण झालं तर त्याला कोण अडवणार? पण तिथल्या भिक्षूला त्याच्या देवतेचं नाव चुकीचं सांगू नका. त्यालाच विचारा, तो सांगेल.

अल्ची: डोळ्यांनीच पाहायचं

लेहपासून पश्चिमेला साधारण ६५ ते ७० किलोमीटरवर, सिंधूच्या काठी, डोंगरावर नाही तर सपाटीवर अल्चीचा देवळांचा समूह आहे. अकराव्या-बाराव्या शतकातला. आत फोटोला पूर्ण बंदी. ही बंदी म्हणजे जाच नाही, वरदान आहे. सुमत्सेक नावाच्या तीन मजली देवळात अवलोकितेश्वर, मैत्रेय आणि मंजुश्री उभे आहेत, इतके उंच की डोकी वरच्या मजल्यात गेलेली. मान वर करून चेहरे पाहिल्यावर लोक निघतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते: त्यांची धोतरं. अवलोकितेश्वराच्या धोतरावर देवळं आणि राजवाडे, मैत्रेयाच्या धोतरावर बुद्धचरित्र, मंजुश्रीच्या धोतरावर चौऱ्याऐंशी महासिद्ध, बोटाएवढ्या आकृतींत रंगवलेले. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं लागतात. ती द्या. विजेरी लावायची तर मंद, आणि भिक्षूला विचारून. भिंतीपासून हातभर लांब राहा. खांद्याची घासण आणि श्वासाची वाफ या दोन्हींनी रंग सुटतात. एका वेळी पाच-सहाजणच आत जा.

छाम नृत्याचा दिवस

हेमिसचा उत्सव तिबेटी पाचव्या महिन्याच्या दहाव्या-अकराव्या तिथीला असतो. त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, त्यामुळे ही शुद्ध दशमी-एकादशीच. २०२३ आणि २०२५ साली हेमिसचा दुसरा दिवस आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. मात्र दोन्ही पंचांगांचे अधिक महिने निराळे पडतात तेव्हा महिन्याचं अंतर पडतं, म्हणून बुकिंगआधी त्या वर्षीची तारीख पक्की करा. तिबेटात बौद्ध धर्म रुजवणाऱ्या गुरू पद्मसंभवांचा हा उत्सव. त्यांची आठ रूपं मुखवटे घालून अंगणात येतात. दर बारा वर्षांनी, तिबेटी पंचांगातल्या माकडाच्या वर्षी, भव्य थांका उलगडतात. २०१६ साली उलगडला होता.

छाम हा करमणुकीचा नाच नव्हे, ती चालती पूजा आहे. अंगणात पाऊल टाकायचं नाही, नर्तकाच्या वाटेत वाकून फोटो काढायचा नाही. सकाळी लवकर जाऊन जागा धरा आणि तिथेच बसा. पुढच्या रांगा गावातल्या म्हाताऱ्यांच्या. त्या वर्षभर या दिवसाची वाट पाहतात, आपण एकदाच येतो. ड्रोन उडवू नका, सीमेजवळचा प्रदेश आहे आणि परवानगीशिवाय ते बेकायदाही आहे. फिरोजा जडवलेला पेराक डोक्यावर घातलेली बाई दिसली तर आधी विचारा, मग फोटो.

कुणाच्या घरी उतरलात तर

होमस्टेमध्ये स्वयंपाकघर हेच बैठकीचं घर. चुलीत कचरा, प्लास्टिक, उष्टं टाकायचं नाही, चुलीची देवता रुसते. वरच्या मजल्यावर पूजेची खोली असते, त्या दिशेला पाय करून झोपू नका. खायला-प्यायला आग्रह होतो. पहिल्यांदा 'नको' म्हणणं ही तिथली रीत, म्हणून तुमचं खरं 'नको' दोन-तीनदा सांगावं लागेल. छांग, म्हणजे जवाची घरगुती बिअर, पुढे आला आणि प्यायचा नसेल तर अनामिका बुडवून दोन-तीन थेंब वर उडवा आणि पेला हळूच खाली ठेवा.

महाराष्ट्रातून येणाऱ्या बौद्ध बांधवांसाठी

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात घेतलेल्या दीक्षेची परंपरा घेऊन अनेक कुटुंबं लडाखला येतात. त्रिशरण-पंचशील तोंडपाठ असतं, आणि दुखांगमध्ये शिरल्यावर मन गोंधळतं. पाली कुठेच ऐकू येत नाही. बुद्धांसोबत तारा, महाकाल, पद्मसंभव. शरण जाताना बुद्ध, धम्म, संघ यांच्याही आधी गुरूचं नाव. ही वज्रयान परंपरा आहे, हजार वर्षांची. 'हा खरा धम्म नव्हे' असं भिक्षूला सुनावण्यापेक्षा शाक्यमुनींच्या मूर्तीपुढे बसून मनात बुद्धवंदना म्हणा. कुणी थांबवणार नाही. बाकी देवतांपुढे हात जोडायचे की नाही हा तुमचा प्रश्न, त्याचीही सक्ती नाही. थाळीत मांस दिसलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. तिथे भाजी उगवायला वर्षातले चारच महिने मिळतात.

पाली परंपरेचे भिक्षू भेटायचे असतील तर लेहजवळ चोगलमसरला भिक्खू संघसेन यांनी १९८६ साली स्थापन केलेलं महाबोधी केंद्र आहे. तिथले नियम वेगळे. भिक्षू माध्यान्हीनंतर जेवत नाहीत, म्हणून भोजनदान सकाळी अकराच्या आत. स्त्रियांनी वस्तू थेट भिक्षूच्या हातात न देता समोर ठेवावी. पुढे श्रीलंका किंवा थायलंडला गेलात तर हेच नियम आणखी काटेकोर दिसतील. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं हाही अनादर मानतात. ते लडाखमध्येही न केलेलंच बरं.

बाजारातून काय आणावं

पताकांचे रंग ठरलेल्या क्रमाने असतात: निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. सुती घ्या. नायलॉनच्या पताका विरत नाहीत, धागे सुटून वर्षानुवर्षं रानात लोंबतात. उंचावर, वाऱ्यात बांधा. वाऱ्याबरोबर मंत्र पसरतो आणि कापड विरत जातं, तेच तिचं काम. मोटरसायकलच्या हँडलला बांधलेली पताका चिखलाने माखते, पायाला लागते. गाडीत लावायचीच असेल तर आरशाच्या उंचीवर, आतून. जुनी झाली तर केरात न टाकता जाळा.

बुद्धाचं मस्तक, पायपुसण्यावर किंवा चपलेवर छापलेला मंत्र, असल्या वस्तू दुकानात असल्या तरी घेऊ नका. जुनी मूर्ती, जुना थांका, जुनी पोथी कुणी गुपचूप दाखवली तर हात लावू नका. ती कुठल्यातरी गोम्पातून किंवा घरच्या पूजेच्या खोलीतून गेलेली असण्याचा संभव असतो, आणि शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेणं कायद्याने गुन्हा आहे.

एवढं सगळं तोंडपाठ होणार नाही, व्हायलाही नको. आत शिरल्यावर काय करावं हे आठवलं नाही तर थांबा. हातात छोटं प्रार्थनाचक्र फिरवत एखादी आबी-ले येईलच. ती जिथे वळते तिथे वळा, ती जिथे वाकते तिथे वाका, आणि तिच्या पुढे जाऊ नका.